कापड निवडायला नवरा सोबत हवाच

क्विल्टसाठी, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवायच्या गोधडीसाठी, कापड घ्यायला नवऱ्याला नेलं की तो कंटाळतो, घाई करतो, असं बऱ्याच जणी म्हणतात. माझा अनुभव अगदी उलटा आहे. मी ताग्यांवरून हात फिरवत पोत बघते, आणि तो चार पावलं मागे उभा राहून डोळे बारीक करतो. तसं केलं की रंग मागे पडतात, नुसता गडद-फिका फरक उरतो. नक्षी उठते ती आधी त्यावरच! मागच्या खेपेला मी जांभळं आणि हिरवं कापड शेजारी ठेवलं, तर त्याला दोन्ही सारखीच वाटली. फोनवर कृष्णधवल फोटो काढला, खरंच एकच करडा. हिरव्याऐवजी फिकट पिवळं घेतलं आणि नक्षीतल्या चांदणीची टोकं काय सुरेख उठून आली!

तुकडे जोडताना कडेपासून पाव इंचावर घालायची शिवणही तोच काटेकोर सांभाळतो. दर शिवणीत २ मिमी चुकले तरी ८ शिवणींत १६ मिमी जातात, मग चौकोन जुळत नाहीत.

वरचं जोडकाम, मधला मऊ थर आणि खालचं अस्तर अशा तिन्ही थरांना टाके घालायला मात्र दोघं समोरासमोर बसतो. मधून सुरुवात करून आपापल्या कडेकडे सरकत जायचं, म्हणजे सुरकुती पडत नाही. गप्पाही तेव्हाच होतात.