डॉक्टर नसताना किडनीवर रिसर्च करून पेशंटला काही फायदा होतो का?

बायोकेमवाली_नगर:
नमस्कार मंडळी. एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि किडनीच्या आजारांवर पीएचडी करायची मनापासून इच्छा आहे, माझे मामा डायलिसिसवर आहेत, त्यांच्यासोबत बऱ्याचदा मीच जाते. पण घरचे म्हणतात तू डॉक्टर नाहीस, पेशंट बघणार नाहीस, मग लॅबमध्ये उंदीर घेऊन बसून मामासारख्या माणसांना काय मिळणार? नुसत्या लॅबमधल्या कुणी पेशंटपर्यंत पोचेल असं काही केलंय का? खरं उदाहरण सांगा, घरी वाचून दाखवायचंय.

पिपेटवाला_दादा:
मामांना डायलिसिसनंतर 'रक्त वाढायचं इंजेक्शन' देतात ना, इपो म्हणजे एरिथ्रोपोएटिन, त्याचीच गोष्ट सांग घरी. यूजीन गोल्डवासर, शिकागो युनिव्हर्सिटीतला बायोकेमिस्ट, डॉक्टर नव्हता. रक्तपेशी बनवायचा हुकूम देणारं काहीतरी हार्मोन असावं एवढाच तेव्हा अंदाज होता, १९५५ साली त्याच्या सीनियरने, लिऑन जेकबसनने ते शोधायचं काम याच्या गळ्यात टाकलं. काही महिन्यांत उरकेल असं त्याला वाटलेलं आणि लागली वीसेक वर्षं. आधी उंदरांचा एकेक अवयव काढून बघत गेले, बाकी काहीही काढलं तरी हार्मोन बनतंच होतं, किडनी काढली आणि थांबलं. हे १९५७ चं. म्हणजे किडनी गेली की रक्त का कमी होतं त्याचं उत्तर तिथे मिळालं.

पण शुद्ध स्वरूपात मिळवायचं कसं, रक्तात ते इतकं कमी असतं. मेंढ्यांना औषध देऊन अॅनिमिक करायचं आणि त्यांच्या रक्तातून काढायचं असं वर्षानुवर्षं चाललं, हाती लागायचं अगदी थोडं. शेवटी जपानच्या कुमामोतोहून ताकाजी मियाके नावाचे संशोधक आले. अप्लास्टिक अॅनिमियात (हाडांतल्या मज्जेत रक्तपेशीच नीट बनत नाहीत तो आजार) किडनी हे हार्मोन भरपूर सोडते आणि ते लघवीतून बाहेर पडतं, तर मियाकेंनी अशा पेशंटची तब्बल २५५० लिटर लघवी जमवून, आटवून, सुकवून १९७५ मध्ये शिकागोला आणली. १९७७ ला त्यातून शुद्ध इपो निघालं साधारण ८ मिलीग्रॅम! त्याच शुद्ध मालाच्या आधारावर अॅमजेन कंपनीत फू-कुएन लिन यांनी १९८३ मध्ये इपोचा जीन शोधला, मग कारखान्यात बनवता आलं, १९८९ ला अमेरिकेत मंजुरी. गोल्डवासरने पेटंट घेतलं नाही, २०१० मध्ये गेला. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

डायलिसिस_टेक_सांगली:
दादांनी छान सांगितलं. ताई, मी युनिटला काम करतो. माझे सीनियर सांगायचे, इपो नव्हतं तेव्हा हिमोग्लोबिन पाच-सहावर आलं की रक्ताची बाटली लावायची, परत उतरलं की परत लावायची, त्यातून कावीळ, अंगात लोह साठणं, आणि पुढे ट्रान्सप्लांटसाठी मॅच मिळणं अवघड कारण अँटिबॉडी तयार व्हायच्या. डायलिसिसच्या पेशंटना इपो देऊन बघायची अमेरिकेतल्या सिएटलची जी ट्रायल १९८७ ला छापून आली त्यात २५ पेशंट होते, त्यातल्या १२ जणांना आधी सतत रक्त लागायचं, नंतर ते बंद झालं. आता जिने चढताना धाप लागत नाही म्हणून सांगणारे पेशंट मी बघतो. एक सांगतो, इंजेक्शन घरून आणत असाल तर बर्फाच्या थर्मासमधून आणा पण गोठू देऊ नका, हलवू पण नका, आणि बीपी बघितल्याशिवाय आम्ही टोचत नाही. हिमोग्लोबिन अकराच्या आसपास पुरे, तेराच्या वर ओढायला गेलं की स्ट्रोक-हार्टचा त्रास वाढतो, हे पुढच्या मोठ्या ट्रायल्समध्ये दिसलंय. लोह कमी असेल तर नुसतं इपो देऊन उपयोग नाही.

बायोकेमवाली_नगर:
बापरे, मामांचं इंजेक्शन मीच फ्रीजमधून काढून नेते आणि हे काहीच माहीत नव्हतं! आईला वाचून दाखवलं, गप्प झालीये.

नेफ्रो_रेसिडेंट:
दुसरी बाजू पण ऐक. पीटर रॅटक्लिफ हे मुळात किडनीचेच डॉक्टर, ऑक्सफर्डला. किडनीला ऑक्सिजन कमी झाल्याचं कळतं कसं, की लगेच इपो सोडते, एवढा एकच प्रश्न धरून बसले आणि निघालं असं की ही जाणीव शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशींना असते. २०१९ चं नोबेल त्यांना केलिन आणि सेमेंझा यांच्यासोबत मिळालं. ऑक्सिजन कमी झाल्याचं कळून इपो सुटतं त्याच साखळीवर काम करणारी, रक्त वाढवायची गोळी, डेसिडुस्टॅट, झायडस कंपनीची, २०२२ पासून आपल्याकडे मिळते. तेव्हा डॉक्टर की लॅब हा वाद सोड, दोघं लागतात. पण गाइड निवडताना त्याचं हॉस्पिटलच्या नेफ्रोलॉजी विभागाशी खरंच काम चालतं का ते बघ, पेशंटचे सॅम्पल मिळायला एथिक्स कमिटीची परवानगी लागते आणि हॉस्पिटलशी संबंध नसेल तर तिथेच वर्ष जातं. पीएचडीच्या फेलोशिपसाठी सीएसआयआर नेट परीक्षेचा फॉर्म भर. आणि गाइडला मेल करताना 'किडनीत रस आहे' एवढंच लिहू नकोस, नक्की कुठला प्रश्न ते लिही.