आंद्रे फान डाउन यांच्यासारखा 'टेपवर ओठ हलवण्याचा' प्रवेश: ध्वनी कसा बांधायचा?

कळव्याचा_नाट्यवेडा
मंडळी, ठाण्यात हौशी कलाकारांच्या कार्यक्रमात पाच मिनिटांचा प्रवेश बसवतोय. संवाद, गाण्यांचे तुकडे, जाहिराती एकापाठोपाठ वाजणार आणि मी फक्त ओठ हलवणार. डच विनोदवीर आंद्रे फान डाउन यांची सुरुवात यातूनच झाली ना? आणि मोबाइलवरून वाजवताना कुठे फसतं?

स्पूलवाला
हो, यातूनच. जन्म रॉटरडॅमचा, 1947 चा. 1964 मध्ये टीव्हीवरच्या नवोदितांच्या स्पर्धेत त्यांनी हाच प्रकार केला. तेव्हा स्पूल टेप (रिळावरची ध्वनिफीत) ब्लेडने तिरकी, 45 अंशांत कापून चिकटवत. सरळ कापली तर सांध्यावर 'टक्' वाजतं. सेकंदाला 19 सेंटिमीटर वेग धरला, तर अर्ध्या सेकंदाचा विराम म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर कोरी टेप. हशा कुठे येणार हे पट्टीने मोजूनच ठरवायचं! तुम्ही ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करा: प्रत्येक सांध्याला 5 ते 10 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या (आधीचा तुकडा विरताना पुढचा वर येतो), सगळ्या तुकड्यांचा आवाज एका पातळीवर आणा आणि फाइल वॅव्हमध्येच (.wav) काढा.

माजिवडा_साउंड
ब्लूटूथ अजिबात नको. आवाज 100 ते 200 मिलिसेकंद, कधी जास्तही उशिरा येतो. वायरच लावा, पण मोबाइलची स्टिरिओ पिन मिक्सरच्या बॅलन्स्ड मोनो चॅनेलमध्ये थेट खुपसू नका. तिथे डाव्यातून उजवा वजा होतो आणि दोन्हींत सारखा असलेला आवाज, म्हणजे नेमके संवादच, गायब होतात. वाय केबलने (एका पिनेतून डावी-उजवी अशा दोन पिना निघणारी वायर) दोन चॅनेल घ्या.
मॉनिटर, म्हणजे कलाकाराला ऐकू येण्यासाठीचा स्पीकर, पायाशीच हवा. हॉलचा स्पीकर 10 मीटरवर असेल, तर आवाज तुमच्यापर्यंत यायला साधारण 30 मिलिसेकंद लागतात आणि ओठ मागे पडतात. आणि फोन एअरप्लेन मोडवर, दादा.

स्पूलवाला
फान डाउन यांचे कार्यक्रम आणि गाणीही याच दृष्टीने ऐका. सत्तरच्या दशकात फेरी द ख्रोट यांच्यासोबत रेडिओवर 'डिक फोरमेकार शो', 1976 मध्ये 'विलेम्पी' हे गाणं, मग 1981 मध्ये घरातल्या पॅसेजमध्ये घोडा उभा असल्याचं ते कार्निव्हल गाणं. त्यातली गंमत एवढीच, की घरात घोडा आहे आणि गाणारा मात्र नेटाने ठेका धरून गातोय. ध्रुवपद एकदा ऐकलं की सगळा हॉल म्हणू शकतो. माझ्या मते त्यांचं खरं कसब हेच. चेहरा गंभीर, ठेका पक्का आणि विराम मोजलेला.

कळव्याचा_नाट्यवेडा
वाय केबल आजच आणतो. विराम आधी किती ठेवू?

स्पूलवाला
तुकड्यांमध्ये 0.3 सेकंद, श्वास आणि चेहरा बदलायला. हशाच्या जागी दीड सेकंद. रंगीत तालमीत चारजणांसमोर वाजवून बघा आणि मगच वाढवा.