मदत हवी आहे: बांधावरच्या बाभळी न तोडता कांदा कसा सांभाळायचा?

नमस्कार मंडळी,

सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, वावीच्या अंगाला आमची साडेचार एकर शेती आहे. मी नोकरीमुळे नाशकात असतो, शेती धाकटा भाऊ बघतो. दक्षिणेच्या बांधावर तीन जुन्या बाभळी आहेत. आजोबांच्या वेळच्या. भावाने वखारवाल्याला बोलावलंय, पुढच्या आठवड्यात तो झाडं बघायला येणार आहे. माझा जीव तुटतोय, म्हणून घाईने लिहितोय.

आधी एक सांगतो, ही वेडी बाभूळ नव्हे. ती परदेशातून आलेली, लांब तुऱ्याच्या फुलांची आणि पिवळट शेंगांची. आमच्या झाडांना गोल पिवळी, मंद वासाची फुलं येतात. शेंगा राखाडी, मऊ लव असलेल्या, दर दोन बियांच्या मध्ये आवळलेल्या, एखादी मण्यांची माळ धरावी तशा. काटे पांढरे, सरळ, जोडीजोडीने.

भावाचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. लाल कांद्याच्या वेळी बांधालगतचे चार वाफे दरवर्षी मागे राहतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे सावली नेमकी आमच्याच रानात पडते. वर मुळ्या पाणी ओढतात. कांद्याची मुळं वरच्या वर असतात, त्यांचा काय निभाव लागणार? मी स्वतः मोजून पाहिलं. रानाच्या मध्यावरचा कांदा मुठीत मावत नव्हता आणि बांधाजवळचा लिंबाएवढा.

पण या झाडांनी दिलंय काय, तेही बघा. इगतपुरीला धो धो पाऊस असतो तेव्हा आमच्याकडे ढग नुसते वरून जातात. विहिरीने तळ गाठला तरी या बाभळी हिरव्या. ७२ च्या दुष्काळात आजोबांनी पाला आणि शेंगांवर जनावरं जगवली, असं आजी सांगायची. आमच्या गाडीच्या चाकाचे आरे आणि तुंबा (चाकाचा मधला गड्डा) बाभळीचाच होता, वखराचा दांडाही. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र जमिनीत आणतात, हा फायदा वेगळाच. विहिरीवर वाकलेल्या एका फांदीला सुगरणीचे अकरा खोपे आहेत. परवा मुलीने मोजले.

माझे प्रश्न:

फांद्या छाटून सावली कमी करता येईल का, आणि कोणत्या महिन्यात? मुळ्या अडवायला बांधाकडेने चर खोदला तर झाड दगावेल का? घरी सात संगमनेरी शेळ्या आहेत, त्यांना शेंगा किती द्याव्यात? आणि एखादं झाड खरंच काढावं लागलं, तर ते सरपणाच्या भावात न देता त्याचं काय करावं?

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

दादा, आमच्याकडे येवल्यात हाच प्रकार होता. चर जरूर खोदा, पण फक्त पिकाच्या बाजूने. खोडापासून निदान सहा फूट लांब, अडीच-तीन फूट खोल. आडव्या मुळ्या कुऱ्हाडीने साफ तोडून माती परत लोटायची. दोन्ही बाजूंनी खोदू नका, वादळात झाड आडवं होईल. दोन-तीन वर्षांनी मुळ्या पुन्हा येतात, तेव्हा परत खोदायचा. छाटणी पावसाच्या आधी करा. खालच्या फांद्या काढा, शेंडा विरळ करा, पण बुंध्यापासून कापू नका. बाभूळ बुडातून नीट फुटत नाही, कापली की गेलीच समजा.

प्रतिसाद २

शेळ्यांबद्दल सांगते. शेंगांमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य असतं, त्यामुळे नुसत्या शेंगांवर पोट भरू देऊ नका. कडब्याच्या कुट्टीत थोड्या मिसळून द्या. भरडून दिल्या तर बियाही अंगी लागतात, नाहीतर शेळ्या रवंथ करताना त्या टाकून देतात. पण त्या बिया झाडून ठेवा! वाड्यातलं बी लवकर उगवतं, रोपं करायला तेच वापरतात. नवीन लावायचीच असेल तर रामकाठी जातीची बाभूळ बघा. ती खराट्यासारखी सरळ वर जाते, सावली फार नाही, बांधाला तीच बरी.

लाकडाचं म्हणाल तर ओंडके काही महिने पाण्यात बुडवून मुरवा, मग सावलीत वाळवा. भुंगा लागत नाही. आमच्या सासऱ्यांनी तळ्यात मुरवलेलं जू अजून शाबूत आहे.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. रात्री भावाला दोन्ही प्रतिसाद फोनवर वाचून दाखवले. आधी गप्प राहिला, मग विचारलं, "सहा फूट म्हणजे बांधाच्या आत येतं की बाहेर?" आमचा बांध जेमतेम चार फुटांचा आहे, म्हणजे चर वाफ्यातच येणार. ती जागा तो द्यायला तयार आहे. वखारवाल्याला तूर्त थांबवलंय. विहिरीवरच्या झाडाला मात्र हात लावायचा नाही, हे त्याने स्वतःहून सांगितलं.

रविवारी गावी जातोय. रामकाठीचं बी किंवा रोपं नाशिक, सिन्नर भागात कुणाकडे असतील तर इथेच कळवा, पाऊस लागायच्या आत खड्डे करून ठेवतो.