पंधरा महिन्यांचा नर्सिंग कोर्स, वय ३८. उडी मारू का?

कराडची_लेक

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत एडिसनला असते. कराडला बी.एस्सी., पुण्यात मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी., मग तीन वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. २०१३ ला लग्न होऊन इकडे आले आणि एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, घरी बसले. ग्रीनकार्ड हातात पडेपर्यंत पोरं दहा आणि सहा वर्षांची झाली. लॅबचा अनुभव आता इतका शिळा झालाय की अर्जाला उत्तरसुद्धा येत नाही.

म्हणून नर्सिंग. दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गांना जाऊन प्रीरिक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधी करावेच लागणारे विषय, उरकली: ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, स्टॅटिस्टिक्स, न्यूट्रिशन आणि, हसू नका, मायक्रोबायॉलॉजी. माझी जुनी चालत नाही म्हणे, फार वर्षं झाली. मी ग्राम स्टेन करत होते तेव्हा शेजारची एकोणीस वर्षांची पोरगी म्हणाली, "तुझा हात किती छान बसलाय!" काय सांगणार तिला.

आता दोन दरवाजे उघडे आहेत. एका खाजगी कॉलेजात ॲक्सिलरेटेड बी.एस.एन., म्हणजे आधीची डिग्री असणाऱ्यांसाठी पंधरा महिन्यांत नर्सिंगची डिग्री. फी ६२,००० डॉलर. दुसरा, काउंटी कॉलेजचा दोन वर्षांचा असोसिएट, म्हणजे बी.एस.एन.च्या खालची नर्सिंगची डिग्री. सगळं धरून १८,००० च्या आसपास, पण आत शिरायला वेटिंग लिस्ट. आधीची डिग्री असल्यामुळे पेल ग्रँट (परत न फेडायची सरकारी मदत) नाही, आणि फेडरल, म्हणजे सरकारी लोनच्या मर्यादेत ६२,००० बसत नाहीत.

नवरा एक्सेल उघडून बसलाय. आई फोनवर म्हणते, "एवढं एम.एस्सी. करून आता लोकांची भांडी उचलणार?" भांडी म्हणजे कुठली ते कळलंच असेल.

कोणी केलाय का असा कोर्स? पैसे वसूल होतात का?

रात्रपाळी

केलाय. वयाच्या ४१ व्या वर्षी, सोळा महिन्यांचा. आता पेनसिल्व्हेनियात टेलिमेट्री फ्लोअरवर, म्हणजे हृदयाचे ठोके सतत मॉनिटरवर बघतात त्या वॉर्डात, सहा वर्षं झाली. नुकतीच शिफ्ट संपवून आलेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आधी तो "पंधरा महिने" आकडा डोक्यातून काढा. तुमची दोन वर्षं तर आधीच गेलीत. पुढे कोर्स संपल्यावर कागद बोर्डाकडे जाणार, परीक्षेला बसायची परवानगी येणार, मग एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या लायसन्सची परीक्षा, मग नोकरी. नव्या नर्सेसच्या बॅचेसही हॉस्पिटलं आपल्या तारखांनाच सुरू करतात. माझा शेवटचा पेपर ऑगस्टमध्ये झाला, पहिला पगार जानेवारीत आला. मधले पाच महिने कोणत्याच जाहिरातीत नव्हते.

दुसरं, अभ्यासक्रम कमी केलेला नसतो. कापलेल्या असतात सुट्ट्या. सोमवारी फार्माकॉलॉजीची परीक्षा, बुधवारी मेड-सर्जची (आजार आणि ऑपरेशनच्या पेशंटची शुश्रूषा), गुरुवार-शुक्रवार क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलात प्रत्यक्ष काम, बारा बारा तास, पावणेसातला फ्लोअरवर हजर. आमच्याकडे पासिंग ७७ होतं आणि ७६.९ चे ७७ करत नसत. औषधाच्या डोसच्या गणितांत तर शंभरपैकी शंभर. मला दुसऱ्या मेड-सर्जला ७६.४ पडले. पाच दिवस कोणाशी बोलले नाही. विषय पुन्हा घ्यायला पुढच्या बॅचची वाट पाहिली, चार महिने. दुसरा एखादा विषय गेला असता तर थेट घरी, भरलेले पैसे तिकडेच.

माझ्यावर राग असेल तर असू दे, पण हे कॉलेजला विचाराच: "मागच्या बॅचमध्ये किती जणांनी सुरुवात केली आणि त्यांतले किती जण वेळेवर बाहेर पडले?" ते तुम्हाला एनक्लेक्सचा निकाल दाखवतील, इतके इतके टक्के पास. तो फक्त परीक्षेला बसलेल्यांचा. मधेच गळलेले त्यात येत नाहीत. काही ठिकाणी तर शेवटी एक्झिट परीक्षा घेतात, तीत अडकलेला एनक्लेक्सपर्यंत पोचतच नाही. वर्गातली कच्ची पोरं आधीच काढली की निकाल चांगला लागणारच, आपल्या दहावीच्या शाळाही हेच करायच्या ना? कॉलेजला सी.सी.एन.ई. किंवा ए.सी.ई.एन. या नर्सिंग कोर्स तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का, तेही बघा.

आईंना सांगा, भांडी उचलावी लागतात. मी काल रात्रीच उचलली. त्याच रात्री एकाचं पोटॅशियम ६.८ आलं, म्हणजे हृदयाला धोका होईल इतकं जास्त. लॅबचा फोन घेऊन, नमुना हिमोलाइज झालेला (रक्तपेशी फुटून आकडा खोटाच वाढलेला) नाही ना ते विचारून, मॉनिटरवर हृदयाच्या आलेखातल्या टी वेव्ह बघून डॉक्टरांना झोपेतून उठवलं तेही मीच. तुम्हाला यातलं अर्धं आत्ताच येतं.

हिशेबनीस

मी टेक्सासात, बायको आर.एन., म्हणजे लायसन्सवाली नर्स आहे, असोसिएटवाली. एक्सेलवाल्या दादांसाठी लिहितो.

सरकारी आकड्यांप्रमाणे मे २०२४ मध्ये देशभरातल्या आर.एन.चा मधला पगार वर्षाला ९३,६०० डॉलर होता. ॲक्सिलरेटेड नऊ महिने आधी संपतो असं धरा. नऊ महिन्यांचे ७०,२००, कर कापण्याआधी. फीमधला फरक ४४,०००. म्हणजे कागदावर महाग कोर्सच जिंकतो, आणि वेटिंग लिस्टचं एक वर्ष धरलं तर आणखीच. मीही हे बघून चमकलो होतो.

पण त्यातून कर आणि खाजगी लोनचं व्याज वजा करा. मग रात्रपाळी ताईंसारखे चार महिने वाढले असं धरून बघा. उरतं ते फार नाही. एनक्लेक्स दोघांनाही एकच, लायसन्सही एकच. बायकोने नोकरीला लागून आर.एन.-टू-बी.एस.एन., म्हणजे असोसिएटवरून बी.एस.एन. करायचा कोर्स, ऑनलाइन केला, बरीचशी फी हॉस्पिटलने दिली. फक्त मोठी हॉस्पिटलं सुरुवातीलाच बी.एस.एन. मागतात, त्यामुळे तिला पहिली नोकरी नर्सिंग होममध्ये मिळाली. न्यूयॉर्कमध्ये काम करायचा विचार असेल तर तिकडे २०१७ चा कायदा आहे, नव्या आर.एन.नी दहा वर्षांत बी.एस.एन. करायचं.

पुणेरी_पाटी

एच-४ वर असलेल्या बायकांनी हे वाचून लगेच अर्ज करू नये. शिकता येतं, पण वर्क परमिट नसेल तर लायसन्स भिंतीवर लावून बसावं लागतं. मूळ प्रश्नकर्तीला ग्रीनकार्ड आहे, तिची गोष्ट वेगळी.

कराडची_लेक

सगळ्यांचे आभार. रात्रपाळी, तुमचा प्रश्न काल फोनवर विचारला. पलीकडची बाई आधी एनक्लेक्सचाच निकाल सांगायला लागली, अगदी तुम्ही लिहिलंय तसं. मी पुन्हा विचारलं. म्हणाली, ईमेल करते. आलेला नाही अजून. शुक्रवारपर्यंत वाट बघणार.

खरी गोची पैशांची नाहीच, हे तुमचं वेळापत्रक वाचून कळलं. पावणेसातला फ्लोअरवर म्हणजे मी घरातून सहाला बाहेर. पोरांची बस आठ वाजता. नवऱ्याला आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावं लागतं. आई व्हिजिटर व्हिसावर आली तर सहा महिने, मग सासूबाई सहा महिने. एक्सेलमध्ये आता हीच शीट उघडलीय, आणि तीन महिन्यांचा रकाना रिकामा आहे. काउंटी कॉलेजात संध्याकाळची बॅच असते असं ऐकलंय, तिथेही नाव घालून ठेवते.

आईला पोटॅशियमची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग त्या डॉक्टरला उठवायला तुलाच कशाला जायला लागतं, फोन नाही का तिथे?" तिकीट कधीचं काढू, हेही विचारलं मात्र.

रात्रपाळी

सासूबाईंना आधी बोलवा, हिवाळा चुकवून. आणि ईमेल आला तर इथे आकडे टाका, मलाही बघायचेत.