हाफबॅकचा पुतळा? फ्रेड कीनॉरबद्दल सांगा

मंगळवार पेठ ६ नंबर:
राम राम मंडळी. वेल्समधल्या कार्डिफ सिटी या फुटबॉल क्लबच्या स्टेडियमबाहेर फ्रेड कीनॉरचा पुतळा आहे, हातात कप उंचावलेला. चौकशी केली तर गडी हाफबॅक निघाला, म्हणजे बचाव आणि फॉरवर्डच्या मधल्या फळीतला. मी पण तिथंच खेळतो. आपल्याकडं चौकात फ्लेक्स लागतो गोल मारणाऱ्याचा. मग याचा पुतळा कशापायी?

जुना सेंटर हाफ:
भावा, प्रश्न एक नंबर विचारलास.

कीनॉर कार्डिफचाच पोरगा, जन्म १८९४. १९१२ ला क्लबात आला आणि मधेच महायुद्ध लागलं. फुटबॉलवाल्यांची एक पलटण होती, तिच्यातनं लढायला गेला. १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत पायाला जबर जखम झाली. त्याच पायानं पुढं पंधरा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला. गुडघा दुखतोय म्हणून सराव बुडवणाऱ्या पोरांना मी हे नेहमी सांगतो.

१९२४ ला इंग्लंडची लीग कार्डिफच्या हातातनं गेली. हडर्सफील्ड आणि कार्डिफ, दोघांचे ५७ गुण. शेवटच्या मॅचला कार्डिफची पेनल्टी हुकली, मॅच ०-० सुटली आणि गोल सरासरीच्या (मारलेले गोल भागिले खाल्लेले गोल) केसभर फरकानं विजेतेपद गेलं. १९२५ ला एफए कपची, म्हणजे इंग्लंडच्या मोठ्या बाद स्पर्धेची, फायनल हरले. १९२७ ला परत फायनलला लंडनच्या वेम्बली मैदानात, समोर आर्सेनल क्लब. ७४ व्या मिनिटाला ह्युई फर्ग्युसननं साधाच फटका मारला, गोलकीपर डॅन लुईसच्या हातातनं बॉल निसटून जाळ्यात. १-०! इंग्लंडबाहेर हा कप गेला तो तेवढ्या एकदाच, आणि कॅप्टन होता कीनॉर.

तू हाफबॅक आहेस म्हणून एक सांगतो. १९२५ ला ऑफसाइडचा नियम बदलला. आधी फॉरवर्ड आणि गोललाइनच्या मधे विरोधी संघाचे तीन जण लागायचे, तिथं दोन पुरायला लागले. फॉरवर्ड मोकाट सुटले, सेंटर हाफला (हाफबॅकच्या फळीतल्या मधल्या गड्याला) मागं यावं लागलं. त्या काळात हाफलाइन सांभाळून कप आणणं हे खायचं काम नव्हतं.

रंकाळा कट्टा:
काका, पगार किती असंल? आणि संघ सगळा वेल्सचाच का?

जुना सेंटर हाफ:
पगाराला वरनं टोपण होतं. सीझनमधे आठवड्याला जास्तीत जास्त ८ पौंड, उन्हाळ्यात ६. कितीही भारी खेळा, त्याच्या वर दमडी नाही.

फायनलच्या अकरात वेल्सचे तिघंच: कीनॉर, लेन डेव्हिस, अर्नी कर्टिस. बाकी आयरिश, स्कॉटिश, एक इंग्लिश. आपल्या पेठांत बाहेरचे खेळाडू आणले की ओरड होते, पण कार्डिफकरांनी त्या अकराही जणांना डोक्यावर घेतलं.

मंगळवार पेठ ६ नंबर:
आणि देशासाठी?

जुना सेंटर हाफ:
वेल्सकडनं ३२ मॅच. त्यातली १९३० ची स्कॉटलंडविरुद्धची, त्यांच्या इब्रॉक्स मैदानावरची वाच. इंग्लिश क्लबांनी खेळाडू सोडले नाहीत, म्हणून वेल्सनं कीनॉरबरोबर दहा अनोळखी पोरं धाडली. लोक म्हणाले, धुलाई होणार. मॅच संपली १-१, स्कॉटलंडच्या घरात. कॅप्टनचं वय तवा ३६.