नववीतल्या मुलाला डिस्ग्राफिया आहे, शाळा परीक्षेत एक्स्ट्रा टाइम देत नाहीये, काय करू?

रामबागची_आई
नमस्कार मंडळी, इथे इंदूरचे किंवा सीबीएसईवाले कोणी पालक असतील तर प्लीज सांगा. मुलगा नववीत आहे, शाळेचं नाव घेत नाही. यंदा टेस्टिंग करून घेतली, आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्टर्ड सायकॉलॉजिस्टने डिस्ग्राफिया लिहून दिलाय. डोकं छान चालतं, गाडी अडते ती फक्त हाताने लिहिण्यात. तोंडी विचारा, फ्रेंच रेव्होल्यूशन आजोबांना जांभया येईपर्यंत सांगेल. कागदावर मात्र तिसऱ्या ओळीपासून अक्षर उताराला लागतं, पेन इतकं दाबतो की मागच्या पानावर ठसे उठतात, आणि तासाभरात हात झटकत बसतो. युनिट टेस्टचा एसएसटीचा (समाजशास्त्राचा) पेपर घरी आला तर शेवटची दोन पानं कोरी, आणि ते प्रश्न त्याला सगळे येत होते हो!

प्रिन्सिपल मॅडम म्हणतात बोर्डाला मिळेल तेव्हा मिळेल, शाळेच्या घरच्या परीक्षेत एकाला दिलं की उद्या पन्नास पालक दारात उभे राहतील. क्लास टीचर म्हणतात रोज एक पान शुद्धलेखन करवा. ते तर आम्ही तिसरीपासून करून राहिलो आहोत!! शिवाय ऑफिसातल्या बाबूने सांगितलं की 40 टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट नसेल तर काहीच होणार नाही. खरं आहे का हे?

सुदामानगरचे_काका
ताई, आधी तोंडी बोलणं बंद करा. मुलीच्या वेळी मी दोन महिने त्या ऑफिसात चहा पिऊन हात हलवत परत येत होतो. मग एका पानाचा अर्ज दिला, रिपोर्टची कॉपी जोडली, दुसऱ्या प्रतीवर रिसीव्हिंग घेतलं, आणि आठवड्यात त्यांचाच फोन आला. अर्जात गोलमोल लिहू नका, नेमकं काय हवं ते लिहा. सीबीएसईचा हिशोब तासाला 20 मिनिटं असा आहे, म्हणजे 3 तासांच्या पेपरला 60 मिनिटं, 2 तासांच्या पेपरला 40. सोबत 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 17 टाका, त्यात एक्स्ट्रा टाइम, रायटर (मुलगा सांगेल ते लिहून देणारा) आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट असं सरळ लिहिलंय, आणि बोर्डाच्याच परीक्षेला असं काही म्हटलेलं नाही. त्या कायद्यात 21 प्रकार आहेत, लर्निंग डिसॅबिलिटी त्यातलाच एक.

आणि नववीचं रजिस्ट्रेशन, मग दहावीची एलओसी (बोर्डाला जाणारी परीक्षार्थींची यादी) भरताना सीडब्ल्यूएसएनचा (विशेष गरजा असलेल्या मुलांचा) कॉलम भरला की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ते शाळाच भरते, तिथे राहिलं तर ऐन वेळी धावपळ तुमची.

पुणेरी_पाहुणा
माझ्या भाच्याला एसएससीला गणिताऐवजी सोपा पर्याय मिळाला होता, तेही मागा की. महाराष्ट्रात 1996 पासून आहे हे.

सुदामानगरचे_काका
दादा, ते बोर्ड वेगळं. इथल्या शाळेत पुण्याचे नियम सांगितले की ते लगेच म्हणतात पालकांना काही माहीत नाही, आणि मग खरी मागणीही बाजूला राहते. सीबीएसईत दहावीला दोनऐवजी एक भाषा घेता येते, ते विचारा.

वकिलीण_इंदूरची
40 टक्क्यांबद्दल. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमध्ये हेच खोडून काढलं. त्या मुलाला रायटर्स क्रॅम्प होता (लिहिताना हात आखडतो तो), यूपीएससीने रायटर नाकारला होता. कोर्ट म्हणालं 40 टक्क्यांची अट रायटरसाठी लावता येणार नाही. मग ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने 40 च्या खालच्या परीक्षार्थींसाठी वेगळे नियमही काढले. तरी सरकारी सर्टिफिकेट काढून ठेवाच, पुढे नीट-जेईईला कामी येतं. 2018 च्या नियमांत एसएलडीची (म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटीची) तपासणी 14 आणि 18 व्या वर्षी पुन्हा करायला सांगितलंय, मुलगा 14 चा असेल तर ताजा रिपोर्टच लावा.

शाळा अगदीच ऐकत नसेल तर सीबीएसईचं रीजनल ऑफिस भोपाळलाच आहे, तिथे लिहा, आणि कॉपी निःशक्तजन (दिव्यांग) आयुक्तांना. पण हे शेवटी. मुलाला त्याच शाळेत अजून दीड वर्ष बसायचंय.

रिटायर्ड_बाई
मी शाळेच्या बाजूची, बरीच वर्षं परीक्षा विभाग सांभाळलाय, त्यामुळे जरा त्यांचंही ऐका. पन्नास पालक वगैरे बहाणे आहेत. खरी अडचण असते खोली, एक जास्तीची टीचर आणि दोन वाजता सुटणारी बस. तुम्हीच तोडगा घेऊन जा, की लायब्ररीत बसवा, बसचं आम्ही बघतो. निम्मा विरोध तिथेच संपतो.

दुसरं, रायटर लगेच मागू नका. सांगून लिहवून घेणं हे वेगळंच काम आहे. आमच्याकडे एक मुलगा रायटरला गणित सांगताना वर्गमूळाच्या आत काय आणि बाहेर काय यातच अडकला, 10 मिनिटं गेली. म्हणून तर घरच्या परीक्षेत हे सगळं आत्ताच हवं, सवय व्हायला, दहावीत पहिल्यांदा करून उपयोग नाही. टाइप करायला बरं वाटत असेल तर सायकॉलॉजिस्टकडून रिपोर्टमध्ये कॉम्प्युटरची शिफारस स्पष्ट लिहून घ्या, सीबीएसई चालू देते, फक्त इंटरनेट नसावं.

रामबागची_आई
अपडेट देते. बाबूने शिक्का मारायला नकार दिला, मॅडमना विचारून मारतो म्हणाला, तर मी तिथेच पार्किंगमध्ये उभी राहून तोच अर्ज ईमेल केला. चौथ्या दिवशी बोलावलं. हाफ इयरलीला 60 मिनिटं देणार आहेत, लायब्ररीत, लेखी दिलंय. बस निघून जाणार म्हणून ॲक्टिव्हावर मीच घ्यायला जाईन. टायपिंगचं मात्र "पुढच्या वर्षी बघू" म्हणाल्या. बाई, ती शिफारस कशा शब्दांत लिहून घ्यायची, जरा सांगाल का? शनिवारी अपॉइंटमेंट आहे.