साथ संपली, मग वॉर्डाची वॉर रूम का गुंडाळली?

शिवडीकर:
आमच्या चाळीत डेंग्यूचे दोन पेशंट निघाले. बेड कुठे आहे हे कळायलाच अख्खी रात्र गेली. २०२१ मध्ये कोविडच्या साथीत वॉर्डाच्या वॉर रूमला, म्हणजे बेड आणि अॅम्ब्युलन्स मिळवून देणाऱ्या मदत कक्षाला, फोन लावला की निदान कुणीतरी उचलून नाव-पत्ता लिहून घ्यायचं. मुंबईच्या २४ वॉर्डांत २४ वॉर रूम होत्या. ही घडी मोडायची गरज होती का? की साथीपुरते पालिकेला मिळालेले खास अधिकार संपले की हेही संपणारच होतं?

टिळकपूल:
१९१६ नंबर आहे की अजून.

शाळेतल्या बाई:
१९१६ हा मुख्य नियंत्रण कक्षाचा नंबर. सुरुवातीला सगळी मुंबई त्या एकाच नंबरावर तुटून पडली होती, म्हणून तर जून २०२० मध्ये वॉर रूम वॉर्डात आणल्या.

मी मनपा शाळेत शिकवते. शाळा बंद होत्या तेव्हा आमच्यातल्या कित्येक जणींची ड्यूटी तिथे लागली. लॅबचे रिपोर्ट पालिकेकडे यायचे, वॉर्डावार याद्या व्हायच्या आणि पेशंटला आम्ही आपणहून फोन करायचो. सगळ्यात मोठा फरक मला तिथे दिसला. "बेड पाहिजेच" म्हणून घरचे रडत असायचे. आमच्या डॉक्टर म्हणायच्या, "पेशंटलाच फोन द्या." मग त्याला एका दमात आकडे मोजायला लावायच्या. कुणी तिशीपर्यंत जायचा, कुणी सातावर अडकायचा. सातवाल्यासाठी अॅम्ब्युलन्स लगेच निघायची. कुठल्या गल्लीत गाडी शिरत नाही, स्ट्रेचर कुठून काढायचं, हे वॉर्डातल्या माणसालाच ठाऊक असतं. म्हणून ही व्यवस्था राहायलाच हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

अधिकारांचं मात्र उलट. १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्या जोरावर पहिल्या लाटेत विनाटेंडर खरेदी झाली, ती मी समजू शकते. माणसं मरत असताना टेंडरची वाट कोण बघणार? पण त्याचा हिशेब मागितल्यावर तोच कायदा पुढे करायचा, हे मला पटत नाही. सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात आला. कोविडवरच्या सुमारे साडेतीन हजार कोटींच्या खर्चाची कागदपत्रं पालिकेने तपासायला दिलीच नव्हती. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आलेला, त्यामुळे सभागृहात उठून विचारणारंही कुणी उरलं नव्हतं.

टिळकपूल:
बाई, १६-१७ एप्रिल २०२१ ची रात्र आठवा. सहा रुग्णालयांतला ऑक्सिजन संपत आला होता, १६८ पेशंट रातोरात हलवले. पालिका आयुक्तांच्या हातात अधिकार नसते तर?

शाळेतल्या बाई:
त्या रात्रीसाठी अधिकार हवेतच, कुणी नाही म्हणत नाही. पण सप्टेंबर २०२० मध्ये पहिली लाट शिगेला पोचली आणि मग महिनोन् महिने उतार होता. तेवढ्यात रीतसर टेंडर काढता आली असती. अधिकाराला तारीख असावी, वाढवायचा तर दर वेळी सभागृहापुढे कारण मांडावं, आणि हिशेब खुला असावा. फोन उचलणाऱ्या टेबलाला तारीख नको. त्याला खर्च तरी कितीसा? दोन माणसं, एक डॉक्टर, रिकाम्या बेडची ताजी यादी.

शिवडीकर:
पटलं. पण आज मी काय करू?

शाळेतल्या बाई:
वॉर्ड ऑफिसात वैद्यकीय आरोग्य अधिकारी बसतात, त्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दोन्ही पेशंटचे रिपोर्ट जोडा. त्याच इमारतीत कीटकनाशक खात्याचं टेबल असेल, चाळीच्या टाक्या तपासायला माणूस मागा. टाकीवर झाकण आहे की नाही हे तुम्ही आजच गच्चीवर जाऊन बघा. आणि पेशंटचा ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका, डेंग्यूत नेमके त्यानंतरचे एक-दोन दिवस जपायचे असतात. पोटात सारखं दुखलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर फोनाफोनी करत बसू नका, थेट जवळचं मोठं रुग्णालय गाठा.